गेटच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे : रुग्णालयांच्या सुरक्षेचे पुढे काय?

संध्याकाळी भेटीची वेळ सुरू होण्याच्या अर्धा तास आधी उपनगरातल्या कोणत्याही महापालिका रुग्णालयाच्या गेटवर जाऊन उभे राहा. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, जोगेश्वरीचे ट्रॉमा किंवा बाबासाहेबांचे नाव असलेले कांदिवलीचे शताब्दी, दृश्य सारखेच दिसते. डबा, पिशवी आणि औषधांची चिठ्ठी घेतलेली माणसे गेटबाहेर, आणि गणवेशातला सुरक्षारक्षक गेटच्या आत.

रुग्णांना केसपेपरपासून डिस्चार्जपर्यंत मदत करणे हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे अशा गेटवर मी अनेकदा उभी असते. एका रुग्णालयात पाहिलेला प्रसंग सांगते. घरकाम करणारी एक बाई कामावरून थेट नवऱ्याला भेटायला आली होती. पास दिराकडे, दीर वॉर्डात, आणि त्याचा फोन बंद. रक्षक आत सोडेना. आवाज चढले, शिव्या झाल्या, मागची रांगही ओरडू लागली. मी मध्ये पडले तेव्हा कळले की रक्षक तिच्या शेजारच्याच वस्तीतला, बारावी झालेला तरुण आहे. बाजूला घेऊन तो मला म्हणाला, "ताई, सोडले असते. पण साहेबांनी बघितले तर माझा दिवस कापतात." त्याची ड्युटी बारा तासांची होती आणि त्या दिवशी दुसरा माणूस न आल्याने तो सलग दुसरी पाळी करत होता.

त्या दिवशी गेटच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती. गेले काही वर्षे रुग्णालयांच्या सुरक्षेची चर्चा जोरात आहे. आणखी रक्षक, आणखी कॅमेरे, कडक कायदे, चेहरा ओळखणारी यंत्रे असे उपाय सुचवले जात आहेत. या चर्चेत डॉक्टरांच्या संघटना आहेत, सरकार आहे, न्यायालये आहेत, सुरक्षा पुरवणाऱ्या कंपन्याही आहेत. गेटवर बारा तास उभा असणारा आणि गेटबाहेर ताटकळणारा मात्र त्यात नाही. म्हणून बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी या विषयात आता लक्ष घालायला हवे, असे मला वाटते.

प्रत्येक हल्ल्यानंतर एकच उत्तर

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी यांच्यावर होणारे हल्ले खरे आहेत आणि त्यांचे कसलेही समर्थन होऊ शकत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारले आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ मुंबईत सायन रुग्णालयातही हल्ला झाला आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. सरकारने ११०० सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केले, आणि राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान मोठ्या रुग्णालयांत दिसू लागले. एका रुग्णासोबत किती नातेवाईक, याचे पास कडक झाले ते याच काळात.

कायदा तर त्याआधीच होता. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राने साथरोग कायद्यात बदल करून गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आणली.

मग ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देश हादरला. महाराष्ट्रातही निवासी डॉक्टर संपावर गेले. रुग्णालयात हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखाने गुन्हा नोंदवावा, असा आदेश केंद्राच्या आरोग्य खात्याकडून निघाला. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत सुरक्षा मनुष्यबळ २५ टक्के वाढवायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृती दल नेमले.

२०१०, २०१७, २०२०, २०२४. प्रत्येक वेळी उत्तराचा गाभा एकच राहिला : शिक्षा वाढवा आणि रक्षक वाढवा. तरीही हल्ले थांबलेले नाहीत. याचा अर्थ रक्षक नकोत असा होत नाही. सुरक्षा म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच अपुरी राहिली, असा होतो.

उपनगरात माणसे कशाने मेली?

गेल्या काही वर्षांत आपल्या उपनगरांतल्या रुग्णालयांत माणसांचे जीव कशाने गेले, ते पाहू.

१७ डिसेंबर २०१८. अंधेरीच्या मरोळ भागातल्या कामगार विमा रुग्णालयाला आग लागली. किमान आठ जण मेले, शंभराहून अधिक जखमी झाले. हे रुग्णालय पगारातून विम्याचे पैसे कापून देणाऱ्या कामगारांचे. इमारतीला अग्निशमन विभागाचे अंतिम ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते, हे आगीनंतर बाहेर आले.

२५ मार्च २०२१ ची रात्र. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली आणि धूर वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयात शिरला. ११ जण मेले. मॉलमध्ये रुग्णालय, आणि तेही अतिदक्षता विभागासह. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली होती. एप्रिलमध्ये विरारमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरमध्ये रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांना आगी लागल्या.

जून २०२१ मध्ये राजावाडीच्या अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदराने कुरतडल्याचे उघड झाले. एप्रिल २०२४ च्या अखेरीस भांडुपच्या एका महापालिका प्रसूतिगृहात वीज गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात प्रसूती केल्याचा आरोप एका कुटुंबाने केला. त्या घटनेत आई आणि बाळ दोघेही दगावले. त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये, नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन गेलेला रुग्णाचा एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन मेला. लोखंडी सिलिंडर घेऊन त्या खोलीत जायचे नसते, हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. दारात अडवण्याचे काम ज्याचे होते त्याने अडवले नाही.

गेटवर पास तपासून यातला एकही मृत्यू टळला नसता. आगीच्या जिन्यात सामान रचलेले आहे का, धूर झाला तर व्हीलचेअरवरचा रुग्ण कोणी उचलायचा, जनरेटर चालू होतो का, एमआरआयच्या दारात कोण उभे आहे, हेदेखील सुरक्षेचेच प्रश्न आहेत. उलट रक्षकांना या कामांचे प्रशिक्षण असते, तर काही जीव वाचण्याची शक्यता होती.

याचे सर्वात बोलके उदाहरण मुंबईतच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले. रुग्णालयाचे दोन पहारेकरी मारले गेले. प्रसूती कक्षात सुमारे २० गर्भवती स्त्रिया होत्या. अंजली कुलथे या परिचारिकेने दारे बंद केली, त्या सगळ्यांना एका छोट्या खोलीत हलवले आणि त्या वाचल्या. तिच्याकडे बंदूक नव्हती. वॉर्डाची माहिती होती, रुग्णांशी नाते होते आणि प्रसंगावधान होते. त्या हल्ल्यानंतर राज्याने २०१० मध्ये कायदा करून सुरक्षा महामंडळ उभारले, ते आवश्यकही होते. पण त्या परिचारिकेने जे केले ते प्रत्येक वॉर्डात शिकवायला हवे होते. तो धडा मागे पडला.

धोका आतूनही येतो

सुरक्षेच्या सगळ्या योजना धोका बाहेरून येतो असे गृहीत धरतात : चिडलेला नातेवाईक, दारुडा, जमाव. पण १९७३ मध्ये केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला करणारा त्याच रुग्णालयातला सफाई कर्मचारी होता. त्यानंतर ४२ वर्षे त्या बिछान्यावर पडून होत्या. आर. जी. कर प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये दोषी ठरलेला माणूस पोलिसांसोबत काम करणारा नागरी स्वयंसेवक होता. म्हणजे व्यवस्थेने ज्याला आत मोकळेपणाने फिरू दिले, तोच.

आणि आपण डॉ. पायल तडवी यांना कसे विसरू? आदिवासी समाजातून आलेली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही डॉक्टर २२ मे २०१९ रोजी नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात मरण पावली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर खटला आहे. आपण आधीच तक्रार केली होती, असे तिच्या आईने सांगितले. त्या वेळी रुग्णालयाच्या गेटवर रक्षक होते, आवारात कॅमेरेही होते. पायलला ज्या धोक्यापासून संरक्षण हवे होते, तो कोणत्याही कॅमेऱ्यात दिसणारा नव्हता.

म्हणून रुग्णालयाच्या सुरक्षा आराखड्यात तीन गोष्टी एकत्र असायला हव्यात : लैंगिक छळाविरोधातली २०१३ च्या कायद्यानुसारची अंतर्गत समिती, रॅगिंगविरोधी समिती आणि जातीय छळाच्या तक्रारीची वेळेत चौकशी. आज या समित्यांचा आणि सुरक्षा विभागाचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी मोर्चा निघतो तेव्हा त्या मागणीत दलित-आदिवासी डॉक्टर, परिचारिका, आया आणि सफाई कामगार यांची सुरक्षा येते का, हे आपण विचारलेच पाहिजे.

गणवेशातला माणूस

आता गेटच्या आतल्या माणसाकडे येऊ. एकाच रुग्णालयात सुरक्षेचे काम करणाऱ्यांचे थर असतात. महापालिकेच्या स्वतःच्या सुरक्षा खात्याचे कायम कर्मचारी, राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान, सुरक्षारक्षक मंडळाकडून आलेले रक्षक आणि खासगी एजन्सीचे, म्हणजे ठेकेदाराचे रक्षक. गेट एक, पण पगार, सुट्ट्या आणि नोकरीची हमी वेगवेगळी. बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच 'सिक्युरिटी' दिसतात.

महाराष्ट्रात याबाबत एक चांगला कायदा आहे. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. त्यातून सुरक्षारक्षक मंडळे आली. मालक मंडळाकडे पगार आणि वर लेव्ही भरतो, मंडळ रक्षकाला पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी देते. मधला ठेकेदार गळतो. पण याच कायद्यात एजन्सींना सूट देण्याची वाटही आहे, आणि स्वस्त निविदा निघाली की ठेकेदार परत येतो. दर तीन-चार वर्षांनी ठेकेदार बदलतो. तोच मुलगा, तोच गेट, पण नोकरी नव्याने सुरू.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आस्थापनेच्या मुख्य कामासाठी ठेका कामगार ठेवण्यास मनाई आहे. ऐकायला बरे वाटते. पण मुख्य कामातून काय वगळले आहे ते वाचा : सफाई, पहारा आणि सुरक्षा, उपाहारगृह, हमाली. आपल्या वस्त्यांतली माणसे रुग्णालयात जी कामे करतात, नेमकी तीच. म्हणजे या कामांचा ठेका आता कायद्याच्याच आधाराने चालू राहणार. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापनांतले रोजचे कामाचे तास ९ वरून १० आणि कारखान्यांतले ९ वरून १२ करण्यास मंजुरी दिली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांच्या कामाचा प्रश्न त्यांनी १९४२ च्या मजूर परिषदेत पुढे आणला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. आज बाबासाहेबांची जयंती धूमधडाक्यात करणारा आपला तरुण रोज बारा तास, म्हणजे आठवड्याला ७२ तास, गेटवर उभा आहे. ज्याला बसायला खुर्ची नाही, लघवीला जायला बदली माणूस नाही, त्याने चिडलेल्या नातेवाईकाशी शांतपणे बोलावे, ही अपेक्षा कशी धरायची?

प्रशिक्षणाचेही तसेच. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखाली केंद्राने २००६ मध्ये जे आदर्श नियम केले, त्यांत रक्षकाला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे, असे आहे. त्यात आग विझवणे, गर्दी हाताळणे, प्रथमोपचार हे विषय आहेत. मी ज्या तरुणांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांचे प्रशिक्षण म्हणजे गणवेशाचे पैसे भरणे आणि पहिल्या दिवशी जुन्या रक्षकाशेजारी उभे राहणे एवढेच होते. रुग्णालयासाठी वेगळे शिक्षण, म्हणजे संसर्गापासून बचाव, मनोरुग्णाशी कसे बोलावे, मृत्यूची बातमी मिळालेल्या कुटुंबाशी कसे वागावे, याचा तर पत्ताच नसतो.

गेटवर कोण अडते?

मायकल लिप्स्की या अभ्यासकाने १९८० मध्ये मांडले की सरकारी धोरण शेवटी खिडकीवरचा कारकून, हवालदार, शिक्षक अशी माणसे ठरवतात, कारण लोकांना सरकार भेटते ते त्यांच्या रूपात. रुग्णालयात हे काम गेटवरचा रक्षक करतो. कोणाची गाडी थेट आत जाते आणि कोणाची रिक्षा बाहेर थांबते, कोणाला 'साहेब' आणि कोणाला 'ए, बाजूला हो', हे तो क्षणात ठरवतो. कपडे, भाषा, चपला पाहून ठरवतो. असे ठरवायला त्यालाही याच समाजाने शिकवले आहे.

आपल्या समाजाला गणवेशाचा अनुभव वेगळा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, १० जण मेले आणि जखमींना राजावाडीत नेले गेले. ज्यांनी ते पाहिले, ती पिढी आजही त्याच रुग्णालयात उपचाराला जाते. त्यांच्यासाठी गेटवरची काठी ही साधी वस्तू नाही.

रुग्णालयाच्या दाराचा प्रश्न आपल्यासाठी कायद्याचाही प्रश्न आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यातही रुग्णालयात जाण्यापासून रोखणे स्पष्टपणे आले आहे. आणीबाणीच्या रुग्णाला शासकीय रुग्णालयाने उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. खासगी रुग्णालयांत तर रक्षकाचा उलटा वापर होतो : बिल भरेपर्यंत रुग्णाला किंवा मृतदेहाला बाहेर जाऊ न देणे. हे बेकायदा आहे, हे रक्षकालाही माहीत असायला हवे आणि आपल्यालाही.

पुढचे चित्र अधिक गंभीर आहे. उपनगरांतली काही महापालिका रुग्णालये खासगी भागीदारीत चालवायला देण्याचे प्रस्ताव पुढे आले आहेत आणि त्यांना स्थानिक विरोधही झाला आहे. तसे झाले, तर गेटवरचा रक्षक कोणाच्या हुकमाने चालेल? गरिबांसाठीच्या राखीव खाटेबद्दल माहिती देणारा पहिला माणूसही तोच असेल आणि ती लपवणाराही तोच.

आपली चूकही मान्य करू

हे सगळे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. वस्तीत कोणी गंभीर झाले की आपण 'पोरे घेऊन' रुग्णालयात जातो. कॅज्युअल्टीत तीस जण. कोणी नगरसेवकाला फोन लावतो, कोणी मोबाइलवर चित्रीकरण करतो, कोणी डॉक्टरच्या अंगावर ओरडतो. हेतू प्रेमाचा असतो, भीतीचाही असतो. गर्दी नसेल तर आपल्याकडे कोणी बघणार नाही, हा अनुभवातून आलेला समज आहे. मीही सुरुवातीच्या काळात असे केले आहे.

पण समोर जो पंचवीस-सव्वीस वर्षांचा निवासी डॉक्टर असतो, तो सलग दीड दिवस जागा असतो. तो आपला शत्रू नाही. खाटा कमी, औषधे बाहेरून आणायची, सीटी स्कॅन बंद, यांतले काहीही त्याच्या हातात नसते. आपला राग योग्य असतो, पत्ता चुकीचा असतो. शिवाय गुन्हा नोंदवला जातो तेव्हा तो आपल्याच पोरावर. अजामीनपात्र कलम, नोकरीच्या पडताळणीत अडचण, पासपोर्ट अडकलेला. ज्याच्या जिवासाठी गेलो, त्यालाही काही मिळत नाही.

विनयपिटकातली एक गोष्ट अनेकांना माहीत असेल. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग तथागतांनी संघाला विचारले की तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही, तर कोण घेणार. त्या गोष्टीत ओरडा नाही. काम आहे, आणि कामानंतर विचारलेला जाब आहे. आपल्या कार्यकर्त्याची रुग्णालयातली भूमिका हीच असावी.

कॅमेरा आणि माणूस

येत्या काळात रुग्णालयांत काय येणार आहे, याचा अंदाज बांधता येतो. मंत्रालयात २०२५ च्या सुरुवातीपासून चेहरा ओळखून प्रवेश देण्याची यंत्रणा सुरू झाली आहे. उद्या तीच मोठ्या रुग्णालयांच्या गेटवर येऊ शकते. मोबाइलवर पास, क्यूआर कोड, हिंसक हालचाल ओळखणारे कॅमेरे, हे सारे विकणाऱ्या कंपन्या तयार आहेत.

मी यंत्राच्या विरोधात नाही. नवजात बाळ पळवण्याच्या घटना मुंबईतही झाल्या आहेत. तिथे आई-बाळाच्या हातातले जोडीचे पट्टे आणि दारावरचा कॅमेरा उपयोगी आहेत. रात्रपाळीच्या परिचारिकेला जिन्यात दिवा आणि धोक्याचे बटण हवेच. पण चेहऱ्याची नोंद ठेवणार कोण, किती दिवस, पोलिसांना ती कधी मिळणार? एचआयव्ही, क्षयरोग किंवा गर्भपातासाठी आलेल्या बाईचा चेहरा कुठल्या यादीत जाणार? साधा फोन असलेल्या आजीचे काय? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण गेटवर त्याबद्दल कोणी विचारल्याचे मी पाहिलेले नाही.

रुग्णालयातले वाद मी जितके पाहिले, त्यांतले बहुतेक एका प्रश्नापासून सुरू झाले : "आमच्या माणसाचे काय चालले आहे, कोणी सांगेल का?" दर चार तासांनी कोणी बाहेर येऊन दोन वाक्ये मराठीत किंवा हिंदीत सांगितली, तर कित्येक भांडणे होणारच नाहीत. वैद्यकीय समाजसेवकाची रात्रपाळीतही नेमणूक आणि कॅज्युअल्टीत माहिती देणारा माणूस, हा कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा सुरक्षा उपाय आहे.

काय मागायचे, काय करायचे

आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. एक, सार्वजनिक रुग्णालयांत रक्षक महापालिकेचे कायम किंवा सुरक्षारक्षक मंडळाचेच असावेत, ठेकेदाराचे नकोत. दोन, आठ तासांची पाळी, बसायला जागा, बदली माणूस आणि पुरेशा महिला रक्षक. तीन, प्रशिक्षणाचे तास कागदावर नको, प्रत्यक्षात द्यावेत, आणि त्यांत आग, प्रथमोपचार, संवाद आणि जातीभेदाविरोधी कायदे असावेत. चार, प्रत्येक रुग्णालयाच्या सुरक्षा समितीत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांबरोबर परिचारिका, सफाई कामगार, रक्षक आणि रुग्णांचे प्रतिनिधी असावेत. पाच, आगीची रंगीत तालीम वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांसह व्हावी.

आणि मागणीबरोबर काम. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. आपल्या जवळच्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र माहितीच्या अधिकारात मागा. त्याच अर्जात सुरक्षेचा ठेका कोणाकडे आहे, रक्षकांची संख्या किती, भविष्य निर्वाह निधी भरल्याचे चलन आहे का, हेही विचारा. मार्च २०२२ नंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळातल्या निविदांचा हिशेब आता मागायला हवा.

प्रत्येक बुद्ध विहारात दोन-तीन जणांचे रुग्णसाथी पथक तयार होऊ शकते. त्यात कॅज्युअल्टीत तीस जणांऐवजी दोन जण जातील. केसपेपर, योजना, रक्त, तक्रार अर्ज यांची माहिती असलेले, आवाज न चढवता जाब विचारणारे. वर्षावासात प्रवचनासोबत एक रविवार या प्रशिक्षणाला दिला, तरी पुरेल. आणि वस्तीतले जे तरुण सुरक्षारक्षक म्हणून काम करतात, त्यांची एक बैठक बोलवा. त्यांच्या पगाराची पावती, पीएफ क्रमांक, ड्युटीचे तास यांची नोंद करा. संघटन तिथून सुरू होईल.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईला त्या दिवशी मी आत नेले. रक्षकाने नोंदवहीत माझे नाव लिहून घेतले, मग तिला म्हणाला, "मावशी, उद्या पास सोबत ठेवा, माझी ड्युटी सकाळची आहे." पाच मिनिटांपूर्वी दोघे एकमेकांना शिव्या देत होते. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था त्या गेटवर कुठेच दिसत नव्हती. सुरक्षेचा ठेका, पाळीचे तास आणि खाटांची संख्या ज्या टेबलावर ठरते, तिथे आपला प्रश्न पोहोचवणे हे आपले काम आहे.

जय भीम.